प्रश्न संपायच्या आधीचं ‘नाही’

ब्याडगीत अंगडी डॉक्टरांकडे दात दाखवायला आलेला माणूस आधी कोट्रम्मासमोर बसतो. तिच्या टेबलावर निळं पेन, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि छापील कागदांचा एक गठ्ठा असतो. त्या कागदाला दवाखान्यात ‘केस’ म्हणतात. केस लिहून झाल्याशिवाय डॉक्टर कुणाच्या तोंडात आरसा घालत नाहीत.

चौदा वर्षांपूर्वी कोट्रम्मा इथं लादी पुसायला लागली. त्याआधी ती बाजारात मिरचीचे देठ खुडायची. दहावी पास होती, अक्षर वळणदार होतं. एके दिवशी केस लिहिणारी मुलगी आली नाही आणि डॉक्टर म्हणाले, “कोट्रम्मा, आजच्या दिवस तुम्ही लिहा.” तो आजचा दिवस अजून संपलेला नाही.

कागदावर पहिली ओळ तक्रारीची. ती रुग्णाच्याच शब्दांत लिहायची, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. कोट्रम्मा ती शब्दशः पाळायची. “दाढेत सुतार बसलाय.” “गार पाणी प्यालं की कानात घंटा वाजते.” “दुखत नाही, पण दात आहे हे सारखं कळतं.” डॉक्टर वाचून हसायचे आणि बहुतेक वेळा त्या ओळीवरूनच दुखणं ओळखायचे.

पण तिचं खरं कसब पुढच्या ओळींत होतं. रोग कुठला, गोळ्या कुठल्या, ऑपरेशन झालंय का. “रोग काही?” असं विचारलं की माणूस छाती काढून “नाही” म्हणतो. तो काही खोटारडा नसतो. दाताला आणि हृदयाला काय घेणंदेणं, असं त्याला मनापासून वाटत असतं. म्हणून कोट्रम्मा तसं विचारायचीच नाही. हमालांचा मुकादम गुड्डप्पा आला होता, बैलासारखा माणूस. तिनं विचारलं, “सकाळी चहाच्या आधी पोटात काय जातं?”

“पाणी.”

“आणि पाण्याबरोबर?”

मुकादमानं मागं वळून बघितलं, आपला माणूस कुणी नाही याची खात्री केली आणि बनियनच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. रक्त पातळ ठेवायची गोळी होती. त्या दिवशी त्याची दाढ तशीच उपटली असती तर रक्त थांबवताना डॉक्टरांना घाम फुटला असता.

इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट नक्की कळली होती. विचार करून आलेलं “नाही” बहुधा खरं असतं. पण प्रश्न संपायच्या आधीच जे “नाही” येतं, त्यावर पेन खाली ठेवायचं आणि दुसऱ्या वाटेनं पुन्हा विचारायचं.

जानेवारीतल्या एका सोमवारी तिनं पेन खाली ठेवलं नाही.

त्या दिवशी दवाखान्यात तिची अत्तिगे आली, थोरल्या भावाची बायको द्राक्षायणी. पदर डोक्यावरून घेतलेला, एका गालाला हात. होसकट्टीहून सकाळच्या बसनं एकटीच आली होती. दोघींमध्ये सात वर्षांत धड बोलणं नव्हतं. कोट्रम्माची रूपा भावाच्या चेतनला द्यायची असं पोरं लहान असल्यापासून सगळे म्हणत आले होते. बहिणीची मुलगी भावाच्या घरी जाणं यात नवं काही नव्हतं. आणि ऐन वेळी द्राक्षायणीनं “नको” म्हटलं. कारण सांगितलं नाही. रूपाला पुढं हरिहरात चांगलं घर मिळालं, दोन मुलं झाली, पण कोट्रम्माच्या मनातला काटा काही निघाला नाही. लग्नकार्यात दोघी समोरासमोर आल्या की एकमेकींच्या साडीचा काठ बघायच्या आणि बाजूला व्हायच्या.

“बसा,” कोट्रम्मा म्हणाली. “नाव?”

द्राक्षायणीनं तिच्याकडे बघितलं. “माझं नाव विसरलीस?”

“लिहावं लागतं. वय?”

“तुझ्यापेक्षा सहानं मोठी. तेवढं येतं ना मोजता?”

शेजारी कापसाचे बोळे वळत बसलेली पवित्रा खुदकन हसली. बावीस वर्षांची पोरगी, कामाला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. कोट्रम्मानं तिच्याकडे डोळे वटारले आणि पटापट लिहायला घेतलं.

“तक्रार काय?”

“खालची दाढ. चार दिवस झाले. चावलं की जीव जातो.”

“शुगर, बीपी?”

“नाही.”

“गोळ्या चालू आहेत काही?”

“नाही.”

“कधी ऑपरेश...”

“नाही.”

“हात द्या.” द्राक्षायणी टेबलाच्या उजव्या कडेला बसली होती, यंत्राजवळ तिचा डावा हात होता. तिनं खुर्ची वळवून उजवा पुढं केला. “मला अहो-जाहो करायला लागलीस होय गं,” ती हळू आवाजात म्हणाली. “बरं केलंस.”

कोट्रम्मानं पट्टा गुंडाळला, आकडा लिहिला आणि उरलेल्या ओळींत वरपासून खालपर्यंत एकच लांब रेघ ओढली. काही नाही.

डॉक्टरांनी दाढ बघितली. वरचा भाग पार किडून गेला होता, मुळाशी सूज होती. “हिच्यात राहिलंय काय आता,” ते म्हणाले. “तीन दिवस गोळ्या घ्या, सूज उतरू दे. गुरुवारी या, काढून टाकू.” द्राक्षायणी गोळ्या घेऊन गेली. जाताना तिनं टेबलाकडे बघितलं नाही. कोट्रम्मानंही पुढच्या माणसाला हाक मारली.

मंगळवारी दुपारी कोट्रम्मा रोट्या थापत होती. आणि हात थांबला.

उजवा हात का दिला?

जवळचा हात सोडून, खुर्ची वळवून. माणूस असं उगाच करत नाही. दवाखान्यात आजवर एकच बाई अशी बघितली होती, हावेरीची शिक्षिका. तिच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या बाजूच्या हाताला पट्टा बांधायचा नाही, सुई टोचायची नाही असं तिला बजावून ठेवलं होतं.

“हॅट,” ती स्वतःलाच म्हणाली आणि रोटी तव्यावर टाकली. खुर्ची अडचणीची असेल. इतका विचार करायला अत्तिगे काय आपली सख्खी लागून गेलीय?

पण मन एकदा सैल सुटलं की आवरत नाही. तीन वर्षांपूर्वी द्राक्षायणीनं डोक्याचे केस उतरवले होते. तिरुपतीला नवस होता म्हणे. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, नवसाला केस देणाऱ्या बाया काय कमी आहेत? पण तिरुपतीहून आलेला माणूस लाडू वाटतो. होसकट्टीहून लाडू आला नव्हता. कोट्रम्माला तेव्हा वाटलं होतं, भांडण आहे म्हणून आपल्याला दिला नाही. आणि भुवया? त्या वर्षी जत्रेत दुरून दिसली होती तेव्हा चेहरा कसा उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत दिसत होता. भुवया का कुणी नवसाला देतं?

आणि ते “ऑपरेश...” वर आलेलं “नाही”.

“रोटी जळतीये,” तिचा नवरा नागप्पा दारातून म्हणाला. बाजारात मिरचीचं वजन करायचं त्याचं काम, बोलणंही तोलूनमापून.

“जळू दे.”

नागप्पा आत आला, स्वतःच रोटी उलटली. “काय झालं?”

“केस चुकली माझी.”

“कुणाची?”

“अत्तिगेची. मी विचारलंच नाही. रेघ मारून मोकळी झाले.”

“मग विचार.”

“सात वर्षं तोंड बघितलं नाही, आता काय विचारू, बाई गं तुला काय झालंय?”

“सगळ्या गावाला विचारतेस,” नागप्पा म्हणाला आणि पाटावर बसला. “वाढ.”

संध्याकाळी तिनं होसकट्टीला फोन लावला. भाचीनं उचलला, सहनानं. “आत्ते?” पोरगी एवढी दचकली की पुढचे शब्द तिला सुचेनात. कोट्रम्माला तरी कुठं सुचत होते? या पोरीला तिच्या आईबद्दल काय विचारायचं? “आईची दाढ कशी आहे, एवढंच,” ती म्हणाली. बरी आहे म्हणाली सहना. “आत्ते, परवा येऊ का आईबरोबर?” “कशाला, कॉलेज बुडवू नकोस,” म्हणून कोट्रम्मानं फोन ठेवला. मग पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला.

रात्री कूस बदलून बदलून सकाळी तिची मान आखडली. बुधवारी दवाखान्यात तिच्याकडून दोन माणसांची नावं एकमेकांच्या केसवर गेली. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “कोट्रम्मा, या कागदाप्रमाणे आठ वर्षांच्या पोराला तंबाखूची सवय आहे.” दहा वाजता तिनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली. उद्या खुर्चीत बसवून, पवित्राच्या कानांसमोर विचारण्यापेक्षा आजच घरी जाऊन विचारू, असं तिनं ठरवलं. डॉक्टरांना सांगून ठेवावं का, हे मनात आलं. पण काय सांगणार? रोट्या थापताना आलेली शंका? आणि दाढ तर उद्या निघायची होती.

होसकट्टीची बस अर्धा तास उशिरा आली. वेशीबाहेर पडताच उलट दिशेनं ब्याडगीकडे जाणारी बस धुरळा उडवत गेली. कोट्रम्मानं पदर नाकाला लावला आणि मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत बसली. अत्तिगे, राग धरू नको. नको, असं नको. अत्तिगे, मी दवाखान्याच्या कामानं आलेय. हे तर त्याहून वाईट.

भाऊ अंगणात मिरची पसरत होता. वीरभद्रप्पा पासष्टीला टेकला होता, अंगात बनियन, पायात काही नाही. बहिणीला फाटकात बघून त्याच्या हातातलं दाताळं तसंच राहिलं.

“कोट्री? कुणी गेलं का?”

“कुणी नाही गेलं. अत्तिगे कुठाय?”

“तुझ्याकडेच गेली की. मघाच्या बसनं.”

“गुरुवार सांगितला होता!”

“उद्या जमत नाही म्हणाली. उद्या हुबळीला जायचंय आम्हाला. म्हणाली, आजच उपटून घेते, एक काम उरकेल.”

“हुबळीला कशाला?”

वीरभद्रप्पा दाताळं भिंतीला टेकवायला लागला. ते घसरलं, त्यानं पुन्हा टेकवलं.

“अण्णा, मी विचारतेय.”

“इंजेक्शन असतं तिला.”

“कसलं?”

“तीन महिन्यांनी एकदा. सलाईनमधून देतात.” तो मिरचीकडे बघत म्हणाला. “हाडांचं.”

कोट्रम्माला दवाखान्यातला तो कागद आठवला. अंगडी डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी तिला आणि पवित्राला भिंतीवर कागद चिकटवून शिकवलं होतं. कॅन्सर हाडात उतरला की हाडं मोडू नयेत म्हणून एक इंजेक्शन देतात. ते घेणाऱ्या माणसाचा दात उपटला तर खालचं जबड्याचं हाड भरून येत नाही, कधी कधी उघडं पडून मरत जातं, महिनोन्महिने पू वाहतो. अशा माणसाचा दात त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता काढायचा नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारत आली होती, अगदी विशीतल्या पोरांनाही. रेघेखाली तो प्रश्नही गेला होता.

तिनं डॉक्टरांच्या फोनवर फोन लावला. वाजत राहिला. हातमोजे घातले की ते फोन घेत नाहीत, हे तिला माहीत होतं, तरी तिनं दुसऱ्यांदा लावला. मग दवाखान्याचा नंबर. पवित्रानं उचलला.

“अक्का, तुमची वैनी आलीय! आज तुम्ही नाही, आणि...”

“खुर्चीत आहे?”

“हो. सूज उतरलीय, सुई दिलीय. ओठ जड झाला का बघतायत सर.”

“पवित्रा, आत जा. सरांना सांग, दाढ काढायची नाही.”

“का? काय झालं?”

अंगणात भाऊ उभा होता, हात जोडल्यासारखे छातीशी धरून. पवित्राला खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत बाजारातल्या शेवटच्या देठ खुडणारीपर्यंत गेलं असतं.

“केस खोटी आहे. मी खोटी लिहिलीय. माझं नाव घेऊन सांग.”

“अक्का, पण...”

“पळ!”

फोन तसाच चालू होता. पलीकडे चपलांचा आवाज, भांड्यात हत्यार पडल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. भावानं विचारलं, “काय म्हणतायत?” तिनं हातानं त्याला गप्प केलं. शेवटी डॉक्टरांचा आवाज आला.

“कोट्रम्मा, चिमटा हातात होता माझ्या. काय खोटं आहे?”

“फोनवर सांगत नाही सर. दाढ राहू द्या. मी येतेय.”

“किती वेळ?”

“पाऊण तास.”

“तोवर भूल उतरेल.”

“उतरू दे.”

चौदा वर्षांत ती डॉक्टरांशी अशी बोलली नव्हती. “या,” ते म्हणाले.

भावानं शर्ट चढवला आणि मोटारसायकल काढली. रस्ता खराब, पाठीमागं बसून कोट्रम्माचे दात आपटत होते. वीरभद्रप्पा पुढं बघून, वाऱ्याला सांगितल्यासारखं सांगत होता. साडेतीन वर्षं झाली. आधी छातीतली गाठ, मग ऑपरेशन, मग ती औषधं, मग गेल्या वर्षी पाठीच्या मणक्यात एक डाग. चेतनला ठाऊक होतं, तो पुण्याला असतो, पैसे पाठवतो. सहनाला सांगितलं नव्हतं. गावात कुणालाच नाही.

“मलाही नाही,” कोट्रम्मा म्हणाली.

“मी सांगणार होतो. तीच म्हणाली, कोट्रीला नको. ती लिहून ठेवेल.”

दवाखान्यात द्राक्षायणी बाकावर बसली होती. अर्धा चेहरा बधिर, ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला, तोंडावर रुमाल. नणंदेला बघताच ती उठली. बोलायला गेली, पण प, ब, म तिच्या ओठावरून घसरून जात होते, त्यामुळे शिव्यासुद्धा धड बाहेर येईनात.

“लाज नाही... चार लोकांत... तोंडात सुया टोचून बसवून ठेवलीय मला! सूड घेतेस?”

बाकावरच्या दोन बाया कान टवकारून ऐकत होत्या. कोट्रम्मानं तिचा उजवा हात धरला आणि एक्स-रेच्या खोलीत नेलं. कपाटाएवढी खोली, एक स्टूल, खुंटीला शिशाचा जड अंगरखा, आणि दवाखान्यातलं एकच दार जे घट्ट लागतं. अत्तिगेला तिनं स्टुलावर बसवलं. स्वतः खाली फरशीवर बसली.

“अण्णानं सांगितलं,” ती म्हणाली.

द्राक्षायणीचा राग एकदम उतरला. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर नुसती भीती दिसली. “सहनाला?”

“नाही. कुणाला नाही. मी पवित्राला म्हटलं की मी खोटं लिहिलंय.”

“मी खोटं सांगितलं. तू कुठं लिहिलंस?”

“मी धड विचारलं नाही. हमालालासुद्धा मी तीन वेळा विचारते.” कोट्रम्माला स्वतःचाच राग येत होता. “हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का, दात काढायचा तर आधी आम्हाला विचारा?”

“सांगितलं होतं. पण इथं कुणाला सांगू? शिग्गावीहून सहनाला बघायला येणार आहेत पुढच्या महिन्यात. आईला हे आहे म्हटलं की पोरीला कोण करून घेईल? उद्या तिलाही होईल म्हणतील.” तिनं रुमालानं ओठ पुसला. “आणि तू लिहिणार. कागद कुणीही वाचतं.”

“लिहावं लागेल. पण केसच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते.”

द्राक्षायणीनं तिच्याकडे टक लावून बघितलं. मग अचानक विचारलं, “बँकेतली ती उंच बाई येते ना तुमच्याकडे? तिला काय आहे गं?”

“मला काय माहीत?”

“तूच लिहितेस की.”

“लिहिते. पण माहीत नाही.”

द्राक्षायणीचा हलणारा अर्धा ओठ वर गेला. हसली असावी. “लिही मग,” ती म्हणाली.

कोट्रम्मानं नवा कागद आणला. त्या दिवशी तिनं केस लिहायला पाऊण तास घेतला. गाठ कधी लागली, आधी कुणाला सांगितलं, ऑपरेशन कुठल्या बाजूला, गोळी कुठल्या रंगाची, इंजेक्शनं एकूण किती झाली. द्राक्षायणी सांगत गेली, आधी तुटक, मग सलग. साडेतीन वर्षांत तिला हे असं पहिल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं. न्हाणीघरात गळालेले केस ती कागदात गुंडाळून चुलीत कशी टाकायची, हेही तिनं सांगितलं. त्याला कागदावर ओळ नव्हती. कोट्रम्मानं ते लिहिलं नाही, नुसतं ऐकलं.

“घरात, माहेरी कुणाला काही आजार?” शेवटची ओळ.

द्राक्षायणीनं रुमालाची घडी केली. “कॅन्सर नाही कुणाला,” ती म्हणाली. “पण माझी धाकटी बहीण सख्ख्या मामाला दिलेली. तिची दोन्ही पोरं जन्मापासून बहिरी. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात लग्नं केल्यानं. बहिणीनं शपथ घातली होती, कुणाला सांगू नको.” मग नजर खाली घालून, “म्हणून रूपाला नको म्हटलं.”

पेन थांबलं.

“मला सांगायचं होतंस,” कोट्रम्मा म्हणाली.

“कसं सांगू? सांगितलं असतं तर बहिणीचं घर चव्हाट्यावर आलं असतं.”

“सात वर्षं, अत्तिगे. माझी पोर महिनाभर जेवली नव्हती नीट. काळी आहे म्हणून नको म्हणाले, असं वाटायचं तिला.”

द्राक्षायणीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. कोट्रम्मानं तिची समजूत काढली नाही. कारण कळलं म्हणून काटा लगेच निघतो असं नाही. तिनं ओळ पूर्ण केली, कागदाखाली सही घेतली.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि दार लावून हुबळीला फोन केला. दाढ उपटायची नाही असं ठरलं. मुळांतली नस साफ करून, आत मसाला भरून, वरचा किडका भाग कापून हिरडीच्या कडेपर्यंत आणायचा आणि मुळं हाडातच राहू द्यायची. चार खेपा झाल्या. दर खेपेला डॉक्टर हिरडी दाबून बघायचे आणि दारातून कोट्रम्मा त्यांच्या कपाळाकडे बघत उभी राहायची.

त्या बुधवारी संध्याकाळी त्यांनी तिला बोलावलं. “आजचं निभावलं. पुढं घरचं माणूस आलं की केस पवित्रा लिहील.” ती मान हलवून बाहेर आली. बरोबर होतं, तरी लागलं. घरी जाऊन तिनं नागप्पाला समोर बसवलं. जिना चढताना दम लागतो का? रात्री किती वेळा उठतोस? तुझा बाप कशानं गेला, नक्की कशानं? नागप्पानं पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं दिली. तिसऱ्याला टोपी घालून बाहेर पडला. महिन्याभरानं तिनं त्याला धरून रक्त तपासायला नेलं तेव्हा शुगर निघाली.

फेब्रुवारीत शिग्गावीचे लोक सहनाला बघायला आले. द्राक्षायणीनं निरोप धाडून कोट्रम्माला बोलावलं होतं. आदल्या दिवशी द्राक्षायणीनं सहनाला सगळं सांगितलं होतं. लपवण्यात एकदा सात वर्षं घालवली, पोरीचं तसं नको, म्हणाली होती. पोरीचे डोळे अजून सुजलेले होते, पण पाठ ताठ होती. पाहुण्यांचं खाणंपिणं झालं. मग द्राक्षायणीनं मुलाच्या आईला, शंकरम्माला, आतल्या खोलीत नेलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. कोट्रम्मा शेजारी होती. शंकरम्मानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चहा पूर्ण प्याली, बशी पालथी घातली, कुंकू लावून घेतलं आणि माणसांबरोबर निघून गेली.

“संपलं,” वीरभद्रप्पा म्हणाला.

आठ दिवस निरोप नाही. कोट्रम्माला दवाखान्यात चैन पडेना, फोन वाजला की हातातलं पेन गळून पडायचं. द्राक्षायणी मात्र शांत होती, की तसं दाखवत होती. नवव्या दिवशी दुपारी फोन आला, तोही कोट्रम्माला, दवाखान्याच्या नंबरावर.

“मी शंकरम्मा, शिग्गावीची. तुम्ही दवाखान्यात असता म्हणाला होतात ना?”

“हो. बोला की.”

“सोयरिकीचं आमच्या यजमानांशी बोलून सांगते. पण त्याआधी...” आवाज अगदी बारीक झाला. “तुमच्या वैनींचा तो हुबळीचा डॉक्टर... बायकांशी नीट बोलतो का हो?”

कोट्रम्मा उठली. फोनची वायर ताणत एक्स-रेच्या खोलीपर्यंत गेली आणि दार लोटलं.

“नीट बोलतो,” ती म्हणाली. “कुणासाठी विचारताय?”

“आमच्या शेजारची एक आहे.”

“बरं. तिला गाठ कधीपासून लागतेय?”

बाहेर पवित्रा कुणाला तरी बसा म्हणत होती. पलीकडून बराच वेळ श्वास तेवढा ऐकू येत राहिला. कोट्रम्मानं घाई केली नाही.

“दिवाळीपासून,” शंकरम्मा म्हणाली.